सातव्या गाठीपर्यंत

लोक काशीला पुण्य मिळवायला जातात, आम्ही शिसं घेऊन गेलो. कमरेला बांधायच्या शिशाच्या वड्या, दोन रिकामी सिलिंडरं, एक लहान कंप्रेसर, रबरी पोशाख आणि दोराची मोठी गुंडाळी. धुक्यामुळे गाडी किती रखडली ते सांगत बसत नाही. थंडीत तिकडे गेलेल्या प्रत्येकाकडे ती गोष्ट असतेच.

स्टेशनवर हमालाने पत्र्याची ट्रंक उचलली आणि लगेच खाली ठेवली. कमरेवर हात ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. "बहनजी, लोग काशी से महादेव ले जाते हैं. आप लेकर आई हैं क्या?" लोखंडाचं सामान आहे, असं मी सांगितलं. त्याने दुसरा हमाल बोलावला आणि दोघे आमच्याकडे न बघता आमच्याविषयी बोलत पुढे चालू लागले.

आम्ही कोण आणि हे सगळं कशाला, ते आधी सांगते. मी ठाण्यात मुलींचं वसतिगृह चालवते. माझे यजमान वसंतराव गोदीत पाणबुडे होते. जहाजांची बुडं खालून तपासायची, असं त्यांचं काम. ते काम संपलं, पाण्याखालचा नाद काही संपला नाही. उलट उघड्या समुद्रावरून तो बंद पाण्याकडे वळला. पाणी भरलेल्या गुहा, सोडून दिलेल्या खाणी, भुयारं, खोल विहिरी, म्हणजे जिथे डोक्यावर आभाळ नसून दगड असतो ती सगळी ठिकाणं. मेघालयातल्या एका गुहेत ते उतरले, दगडाच्या कितीतरी खाणींत उतरले, आणि प्रत्येक वेळी काठावर दोर धरून मी बसले. आमच्या ओळखीच्या बायका नवऱ्याबरोबर महाबळेश्वरला जातात.

दोराला मी गाठी मारते, दर दोन वावांवर एक. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर. उतरण्याआधी दोर तपासायचा तो ह्यांनी. गाठ माझ्या तळव्यातून सरकली की मी एक हिसका देते, खालून एक हिसका येतो, म्हणजे ठीक आहे. दोन हिसके म्हणजे आणखी दोर सोड. तीन म्हणजे परत ये, मग कुणीही दिलेले असोत. दोन वर्षांपूर्वी ह्यांना मोठं आजारपण आलं आणि डॉक्टरांनी पाण्याखाली जायला मनाई केली. हे ऐकेनात. तेव्हा मी अट घातली की किती गाठींपर्यंत जायचं ते आधी ठरवायचं आणि त्यापुढे मी वीतभरही दोर देणार नाही. वसतिगृहाचं फाटक साडेआठला बंद होतं, आणि फाटकाबाहेर कोण रडतंय ते मी बघत नाही. ह्यांना ते माहीत आहे. त्यांनी अट मान्य केली.

शिंदे घाटाच्या वर

ह्यांच्या काकू शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत राहतात. घराणं पौरोहित्याचं, काशीत येऊन पिढ्या झाल्या. काकूंचे यजमान गेल्यावर घरात त्या आणि त्यांचा मुलगा माधव, दोघंच. माधव शाळेत गणित शिकवतो. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही ते कुणी विचारत नाही. काकूंचं मराठी जुनं आणि स्वच्छ. माधवचं मराठी गल्लीत निघालं की दर वळणावर हिंदीशी धक्का खातं. "वहिनी, आधी नाश्ता करून घ्या, सामान मी पोचवून देतो वर, फिकर नको," असं त्याने स्वागत केलं.

नाश्त्याला चूडा-मटर होतं. पोहे, कोवळे मटार, तूप, मिरपूड, वर लिंबू. आपण पोह्यांना फोडणीत घालून वर खोबरं-कोथिंबीर लावून सजवतो. इथे ते तुपात निवांत पडलेले असतात. दुपारी निमोना, म्हणजे वाटलेल्या मटारांची आमटी. तिच्यात काकूंनी गोडा मसाला घातला होता. शेजारणी नाकं मुरडतात म्हणाल्या, पण वाटी मागायला येतात.

त्या घराखाली तळघर आहे. चौकाच्या कोपऱ्यातली फरशी उचलली की पायऱ्या उतरतात. पायऱ्यांच्या शेवटी दगडी बोळ, आणि बोळाच्या टोकाला महादेवाची लहान गाभाऱ्यासारखी खोली. घरात त्याला खालचा महादेव म्हणतात. पूर्वी पावसाळ्यात पाणी चढायचं आणि उन्हाळ्यात उतरायचं, तेव्हा वर्षातले काही महिने पूजा व्हायची. मग घाटाखालची जमीन कुठेतरी खचली आणि पाणी उतरेनासं झालं. ह्या घाटावर तशी नवलाई नाही. खाली कललेलं देऊळ सगळं जग बघायला येतं. तेव्हापासून काकू शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून पाण्यावरच बेल वाहतात.

काकूंना एवढंच जाणून घ्यायचं होतं की पिंडी जागेवर आहे की भंगली. भंगली असेल तर पाण्यावर बेल वाहणं थांबवायचं आणि रीतसर निरोप घ्यायचा. शाबूत असेल तर तिच्यावर एक बेलाचं पान ठेवून यायचं. माधवने दोनदा पंपवाला आणला होता. पंप दिवसभर चालला आणि पाणी बोटभरही हललं नाही. "गंगाजीच भरून राहिली आहे आत," माधव म्हणाला, "कितीक उपसणार?"

ह्यांना फोनवर हे कळलं तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांत पाणी भरलेलं भुयारच दिसत होतं.

संध्याकाळी घाटावरून चालत आम्ही राजा घाटापर्यंत गेलो. पेशव्यांच्या घराण्यातल्या एकाने तो बांधला, हे माधवने सांगितलं आणि लगेच, तिथल्या पायऱ्यांवर पोरं क्रिकेट खेळतात, तेव्हा डोकं सांभाळा, हेही सांगितलं. आमचे हे चालता चालता माधवला पाणबुड्यांचा इतिहास ऐकवत होते. मला तो पाठ आहे. फ्रान्समध्ये एक झरा आहे, डोंगराच्या पोटातल्या विवरातून वर येणारा. त्याचा तळ शोधायला गेल्याच्या गेल्या शतकात तांब्याचं शिरस्त्राण घातलेला माणूस उतरला. नंतर इंग्लंडात लोक शिशाचे बूट घालून, वरून हातपंपाने हवा घेत, गुहांच्या तळावर चालत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाठीवर हवेची टाकी आली आणि नळीपासून सुटका झाली. मग त्याच फ्रेंच झऱ्यात दोघे उतरले आणि मरता मरता वाचले, कारण टाक्या भरणाऱ्या यंत्राने स्वतःचाच धूर ओढून हवेत मिसळला होता. खोल पाण्यात दोघांनाही भोवळ आली. त्यांनी दोर ओढला. वरच्या माणसाला वाटलं आणखी दोर हवा आहे, म्हणून त्याने सोडला.

"फिर?" माधवने विचारलं.

कसेबसे वर आले, हे म्हणाले, आणि पुढे अमेरिकेतल्या झऱ्यांकडे वळले. तिथे कितीतरी जवान पोरं आत जाऊन परत आली नाहीत, आणि त्यांच्या मरणातून नियम तयार झाला. हवेचे तीन भाग करायचे. एक जायला, एक यायला, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. आणि बाहेरच्या उजेडापासून आतपर्यंत अखंड दोर. थायलंडच्या गुहेत अडकलेली मुलं काढली तेव्हाही तेच. त्या दिवसांत आमच्या सोसायटीतले लोक ह्यांना विचारायला येत आणि हे दिवाणखान्यात उशा मांडून गुहा समजावून सांगत. चहा मी करत होते.

ह्या सगळ्या इतिहासात दोर धरणारा मला एकच भेटला, तो फ्रान्समधला. तोही चुकला म्हणून लक्षात राहिला. त्याचं नाव काय, हे मी ह्यांना पूर्वी विचारलं होतं. त्यांना आठवेना. आत गेलेल्या दोघांची नावं मात्र आठवत होती.

घरी परतल्यावर काकूंनी विचारलं की काशीत काय सोडणार. आपल्याकडे रीतच आहे, काशीला आलं की एखादी आवडती गोष्ट इथे सोडून जायची आणि पुन्हा तोंडाला लावायची नाही. माझ्या आईने अंजीर सोडलं होतं. हे म्हणाले, "मी कारलं सोडतो."

"तुला कारलं कधी आवडलं रे वसंता?" काकू म्हणाल्या. "लहानपणी ताटाखाली लपवायचास. आवडतं सोडायचं असतं."

"विचार करून सांगतो," हे म्हणाले. मी पायांना तेल चोळत बसले. गुडघे दुखत होते, आणि पायऱ्यांशिवाय काशीत चालताच येत नाही.

रामनगरच्या बाजूला

दुसऱ्या दिवशी सिलिंडरं भरायची होती. चौकात कंप्रेसर लावायला ह्यांनी साफ नकार दिला. शिंदे घाटाला लागूनच मणिकर्णिका. तिथल्या चिता विझत नाहीत आणि वारा फिरला की धूर सरळ घरात येतो. काकूंना त्याचं काही वाटत नाही, त्या चुलीच्या धुराइतकंच त्याकडे लक्ष देतात. पण तो धूर दाबून सिलिंडरात भरला आणि पाण्याखाली हुंगला तर फ्रेंचांची गत. म्हणून नाव करून, कंप्रेसर आणि सिलिंडरं घेऊन रामनगरच्या बाजूला, वाळूवर जायचं ठरलं. तिकडे धूर नाही, चूल नाही.

नावाडी उतारवयाचा आणि बोलका होता. आम्ही हवा भरायला पलीकडे चाललो आहोत हे कळल्यावर त्याने वल्हं मारणं थांबवलं. काशीत मेलेल्याला मोक्ष आणि पलीकडे मेलेल्याला गाढवाचा जन्म, अशी इथे समजूत आहे. त्याने ह्यांच्याकडे नीट पाहिलं. "बाबूजी, काशी की हवा छोड़ के उस पार की हवा भरिएगा? नीचे कुछ हो गया तो हिसाब किस पार का लगेगा?"

"गाढवाचाच जन्म लागेल," मी माधवला म्हणाले, "ह्यांना काही नवीन नाही." माधवने ते नावाड्याला हिंदीत सांगितलं. नावाडी इतका हसला की नाव आडवी झाली.

वाळूवर वारा बोचरा होता. कंप्रेसर सुरू केल्यावर हे त्याच्याभोवती फिरून धूर कुठे जातो ते बघत होते, हवा ओढणारी नळी लांब काठीला बांधून वाऱ्याच्या दिशेला धरत होते. अशा वेळी ते फार काळजी घेतात. एवढ्या वर्षांत त्यांनी यंत्राच्या बाबतीत कधी हयगय केली नाही. मी शाल गुंडाळून ट्रंकेवर बसले. समोर सगळी काशी एका ओळीत उभी होती, आणि एवढ्या दुरून त्यात कुठेही घाण दिसत नव्हती. माधवने कागदातून मटार-कचोऱ्या काढल्या, गार झालेल्या. तरी खाल्ल्या. मग तो म्हणाला की आईला पिंडी भंगल्याचं कळलं तर ती खचेल, आणि शाबूत असल्याचं कळलं तर दररोज पाण्यात उतरायला बघेल, तेव्हा त्याला नक्की काय व्हायला हवं आहे हेच समजत नाही.

"मलाही नाही," मी म्हणाले. मला तर फक्त हे वर यायला हवे होते.

आम्ही परतलो तेव्हा काकू गच्चीवरून उतरत होत्या. दोर वाळत पडला होता. त्यांनी तो धुतला होता, कारण खालच्या महादेवाच्या उंबऱ्याला लागणारी वस्तू सोवळ्यात हवी. रबरी पोशाखावर त्यांनी नुसतं गंगाजल शिंपडलं. रबराला विटाळ नसावा, असा निर्णय त्यांनी स्वतःच दिला. मी त्यांचे आभार मानले. दोर खरंच मळला होता, मागच्या खाणीतला चिखल त्याला तसाच होता.

खालचा महादेव

सकाळी आंघोळी झाल्यावर माधवने फरशी उचलली. आतून गार, शेवाळी वास आला. पायऱ्या उतरून आम्ही पाण्याशी गेलो. कंदील काकूंकडे, विजेरी माधवकडे. दोराची गुंडाळी माधवनेच खाली आणून ठेवली, काकूंनी घातलेली, सुबक, एकावर एक वेढा. माझी कधी इतकी नीट होत नाही.

ठरलं होतं ते असं. माधवच्या आठवणीप्रमाणे पायऱ्या, बोळ आणि गाभाऱ्याची चौकट मिळून अंतर सहा-सात गाठींचं. सातवी गाठ माझ्या हातात आली की संपलं. पिंडी मिळो न मिळो, मागे फिरायचं. पाणी गढूळ, आत गाळ, एक पाय आपटला की हात डोळ्यासमोर धरला तरी दिसणार नाही. रात्री ह्यांनी सगळं ऐकून मान हलवली होती. आता त्यांनी दोर पट्ट्याला अडकवला, बेलाचं पान ठेवलेली जाळीची पिशवी गळ्यात घातली, आणि काकूंना वाकून नमस्कार केला. रबराच्या पोशाखात ते वाकताना बघून काकूंना हसू आलं.

मग ते पायऱ्या उतरत गेले. गुडघे, कंबर, खांदे. पाण्यावर बुडबुडे राहिले आणि ते बोळाच्या दिशेने सरकत दिसेनासे झाले.

दोर माझ्या तळव्यातून सरकू लागला. मी पहिल्या गाठीची वाट बघत होते. काकू शेजारच्या पायरीवर माळ घेऊन बसल्या होत्या. माधव पाण्यावर विजेरी धरून उभा होता, जणू काही दिसणार होतं. दोर सावकाश जात होता. मला वाटलं पायऱ्यांवर शेवाळ असेल, म्हणून हे सांभाळून जात असतील. गाठ आली नाही. आपला तळवा थंडीने बधिर झाला असेल म्हणून मी हात बदलला. तरी आली नाही. दोर तेल लावल्यासारखा जात होता. मग मी गुंडाळीकडे पाहिलं. ती निम्म्याहून कमी उरली होती.

"काकू," मी म्हणाले, "ह्या दोराला गाठी होत्या."

"होत्या ना," काकू म्हणाल्या. त्यांनी माळ थांबवली नाही. "सगळ्या सोडवल्या. नायलॉनच्या मेल्या किती घट्ट बसतात. दाभण घालून काढाव्या लागल्या."

"का?"

"गाठीच्या आत पाणी शिरत नाही गं. दोर बाहेरून धुतला तरी गाठीत पारोसाच राहतो. तो कसा न्यायचा देवाच्या उंबऱ्याला?"

माधवच्या हातातली विजेरी खाली आली. त्याला गाठींचं कळलं होतं, काल वाळूवर मीच सांगितलं होतं. "आई," तो म्हणाला, "आई, ये क्या किया तुमने," आणि पुढे त्याला मराठीतही काही सुचेना.

काकू आता घाबरल्या. पण त्यांच्याकडे बघायला मला सवड नव्हती. अख्खा दोर किती आहे ते मला माहीत होतं. उरलेला माझ्यासमोर होता. उजव्या हातात दोर आवळून धरून, डाव्या हाताने उरलेली गुंडाळी मी माधवकडे फेकली आणि वाव घालून मोज म्हणाले. गणिताचा मास्तर, पण पहिल्यांदा चुकला, पुन्हा पसरले हात. तेवढ्यात खालून दोन हिसके आले. आणखी दोर.

माधवने आकडा सांगितला. वजाबाकी मी केली. सातवी गाठ असायला हवी होती ती जागा केव्हाच पाण्यात गेली होती.

मी तीन हिसके दिले. खालून उत्तर आलं, दोन. मी पुन्हा तीन दिले. पुन्हा दोन, जास्त जोराचे. पायरीच्या कडेशी एक जुनी लोखंडी कडी होती, कधीतरी घागरीचा दोर बांधायची असेल. मी दोराचा वेढा तिच्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी धरला. दोर ताठ झाला. पलीकडे माझा नवरा ओढत होता आणि अलीकडे मी, आणि मध्ये काय चाललं आहे ते कुणालाच दिसत नव्हतं. फ्रान्समधल्या त्या माणसाची मला आठवण झाली. त्याने दोर सोडला होता आणि तो चुकला होता. मी धरून ठेवला तर बरोबरच असेल कशावरून? आत दोर कुठल्या दगडाला अडकला असेल आणि हे सुटायला ढील मागत असतील, तर? पण अडकलेला माणूस सारखे तेच हिसके देत राहत नाही. हे मला ह्यांनीच शिकवलं होतं.

काकूंची माळ थांबली होती. "शालू, सोड गं थोडा," त्या हळूच म्हणाल्या, "तो मागतोय ना."

"म्हणूनच नाही सोडत," मी म्हणाले.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग दोर सैल पडला. एकदम सैल पडला की आनंद होत नाही. माणूस परत फिरला तरी तो सैल पडतो आणि पट्ट्यापासून सुटला तरी सैलच पडतो. मी हळूहळू ओढत राहिले, वेढा वेढा गोळा करत. जड लागत नव्हतं, हलकंही लागत नव्हतं. मग बोळाच्या तोंडाशी पाणी गढूळ झालं आणि बुडबुडे वर आले.

हे पायऱ्यांवर बसले तेव्हा अंगभर काळा गाळ होता. मी आधी हवेचा काटा बघितला. दोन भाग संपले होते आणि तिसऱ्याला हात लागला होता. त्यांनी तोंडातली नळी काढली, श्वास घेतला आणि पहिली गोष्ट बोलले ती ही: "हातभर. आणखी हातभर दिला असतास तर."

काकूंनी विचारलं, दिसला का. ह्यांनी सांगितलं की चौकट हाताला लागली, आत गाळ छातीपर्यंत आहे, पिंडी गाळाखाली आहे, त्यामुळे शाबूत की भंगलेली हे कळलं नाही. बेलाचं पान पिशवीत तसंच होतं. काकूंनी ते घेतलं आणि पाण्यावर सोडलं, रोज सोडतात तसं. "चौकटीपर्यंत गेलास, पुष्कळ झालं," त्या म्हणाल्या. "गाळात आहे म्हणजे झाकलेला आहे. झाकलेला कशाला भंगेल?" त्यांच्यापुरता प्रश्न सुटला होता. माधवने तोंड फिरवून डोळे पुसले आणि नंतर, धूर लागला, असं सांगितलं. खाली धूर नव्हता.

दुपारी गच्चीवर रबरी पोशाख धुऊन टाकताना हे बऱ्या मूडमध्ये आले. बोळाची कमान कशी सुरेख आहे, चौकटीवरची नक्षी हाताला कशी लागली, ते सांगू लागले. मी ऐकून घेतलं. मग काकूंनी गाठी का सोडवल्या ते मी त्यांना सांगितलं. हे हसले. मला वाटलं होतं ते चमकतील.

"तुम्हाला केव्हा कळलं?" मी विचारलं.

ते पोशाखाची बाही उलटी करत होते. "दोर अडकवला तेव्हाच. हातातून फिरवतो ना मी, दर वेळी."

"पायरीवर?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी बाही सरळ केली, पुन्हा उलटी केली. "तू जाऊ दिलं नसतंस."

मी उठले. खाली गेले. काकू मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांच्या समोर बसून मीही निवडली. आपल्या हातून काय झालं असतं ते त्या पुन्हा पुन्हा बोलून दाखवत होत्या. त्यांचा काही दोष नाही हे मी त्यांना सांगितलं, आणि ते खरं होतं. गाठी त्यांनी सोडवल्या, पण त्यांना काय ठाऊक. ज्यांना ठाऊक होतं ते त्या नसलेल्या गाठी बघून खुशीत खाली उतरले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दोराची दोन टोकं दोन माणसांच्या हातात आहेत.

मी थकले आहे, हे मला त्या मेथीच्या ढिगासमोर बसून स्पष्ट कळलं. रागावले असते तर बरं झालं असतं. राग दोन दिवसांत उतरतो.

निघताना

निघायच्या सकाळी माधवने मलइयो आणलं. दुधाचा केशरी फेस, थंडीतच मिळतो, तोंडात घालेपर्यंत निम्मा विरतो. काकूंनी खण-नारळाने ओटी भरली आणि ह्यांना विचारलं, मग काय सोडलंस?

"कारलंच," हे म्हणाले, "दुसरं काही सापडेना."

"आणि तू गं?"

"मी ह्यांचा दोर धरणं सोडलं," मी सांगितलं.

हे सिलिंडराला पट्टा आवळत होते. आवळायचे थांबले. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. इतकी वर्षं यात्रेकरू बघितलेली बाई, तिने उगाच खोदून विचारलं नाही. "आवडतं होतं का?" एवढंच म्हणाल्या.

"सवयीचं होतं."

"मग चालतं," त्या म्हणाल्या. "ते सोडायला जास्त जड."

दोर मी त्यांनाच दिला. चांगला लांब, धुतलेला, बिनगाठीचा. आम्ही गल्लीत उतरलो तेव्हा गच्चीवर त्याच्यावर काकूंचं सोवळ्याचं लुगडं वाळत होतं. ह्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुढे झाले. स्टेशनवर आमची ट्रंक उचलताना निराळ्या हमालानेही तोच प्रश्न विचारला, फक्त उलटा, की महादेव घेऊन चाललात का.

ह्या गोष्टीला आता काही महिने झाले. मध्यंतरी ह्यांनी नवा दोर मागवला. पांढरा आहे, चांगल्या प्रतीचा. आणला त्या दिवशी त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, माझ्यासमोर. पूर्वी असाच ठेवत आणि मी भाजी चिरून झाली की गाठी मारायला घेत असे. मी टेबल पुसायचं होतं म्हणून तो उचलून कपाटावर ठेवला. तो तिथेच आहे. हे येता-जाता बघतात. गाठी मारायला त्यांना येत नाही असं नाही, पाणबुडा माणूस, दहा प्रकारच्या गाठी येतात. पण अजून एकही मारलेली नाही.

काकूंचं मात्र बरं चाललं आहे. माधवने फोनवर सांगितलं, दोर कपड्यांना फार उपयोगी पडतो, चादरीसुद्धा लांबच्या लांब टाकता येतात, गाठी नसल्यामुळे कपड्यावर वळ उठत नाहीत.